बाबांचा २०१३ सालचा डेस्कटॉप : नवा घ्यावा की यालाच पळता करावा?

वाशिष्ठीकाठ
मंडळी, सल्ला हवा आहे. चिपळूणला बाबांकडे डेस्कटॉप आहे. कोअर आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम (एकच पट्टी), ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, माउस हलतो, पण पहिली काही मिनिटं कशावरही क्लिक केलं तरी काही उघडत नाही. क्रोम उघडलं की मागचं श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) अडकतं.

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. आई जात्यावरच्या ओव्या सांगते आणि ते टाइप करून ठेवतात. आजीच्या, मावशीच्या, शेजारच्या आजींच्या ओव्या त्यात आहेत, आणि त्यातल्या काही सांगणाऱ्या आता हयात नाहीत. हे सगळं श्रीलिपीत आहे. शिवाय पेन्शनचं, बँकेचं काम आणि संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन.

इथला दुकानदार म्हणतो, भंगारात द्या. बाबांना नवा नकोय. श्रीलिपीचं डोंगल (ते चालायला संगणकाला लावून ठेवायची किल्ली), जुना प्रिंटर, कीबोर्डची सवय सगळं याच संगणकाला लागलेलं आहे. मी पुण्यात असते, गणपतीआधी चार दिवस घरी जाणार आहे. तेवढ्यात काय करून घेऊ? रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लागणारी वेगवान डिस्क) की प्रोसेसर?

डोंबिवली_फास्ट
रॅम वाढवा. ४ जीबीत आजकाल क्रोमच मावत नाही.

जुनाजाणता
रॅम लागेलच, पण ताई, पैसे काढण्याआधी एक काम करा. बाबांना फोनवरून सांगा : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जाऊन संगणक अडकलेला असताना तीन आकडे वाचायला सांगा. सीपीयू, मेमरी, डिस्क. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल तर दुखणं हार्ड डिस्कचं. मेमरी ९०च्या वर असेल तर रॅमचं. सीपीयू भरलेला असेल तर प्रोसेसरचं, किंवा त्याच्या पंख्यात साचलेल्या धुळीचं. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. दुकानात विचारलं तर जे शिल्लक असेल ते गळ्यात मारतात.

'परफॉर्मन्स'मध्येच मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट भरलेत तेही दिसतं.

वाशिष्ठीकाठ
बाबांनी लगेच वाचून दाखवले. सुरू झाल्यापासून डिस्क १००, हलतच नाही. मेमरी ७८ ते ८५. सीपीयू १५-२०. नंतर यूट्यूब लावलं तेव्हा मात्र सीपीयू ९०च्या वर गेला. स्लॉट २ पैकी १ वापरात.

जुनाजाणता
मग उत्तर स्पष्ट आहे. आधी एसएसडी, मग ४ जीबीची आणखी एक पट्टी. प्रोसेसरला हात लावायची गरज नाही.

डिस्क का अडते ते सांगतो, म्हणजे बाबांनाही पटेल. तुमची हार्ड डिस्क बहुधा ७२०० आरपीएमची असेल. म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२. त्याआधी ते टोक योग्य जागी सरकायला आणखी ८-९. एका ठिकाणची माहिती उचलायला १२-१३ मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली डिस्कभर विखुरलेल्या असतात. त्यात अपडेट, डिफेंडर, क्रोम सगळेच एकदम मागायला लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. फरक दुप्पट-तिप्पट नसतो, शंभरपट असतो. म्हणून तुमचा आय३ आज रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय.

एच८१ बोर्डावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. या चिपसेटला साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, चार पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, उरलेले दोन ३ गिगाबिटचे. बोर्डावर पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बऱ्याच कंपन्या रंगही वेगळा देतात. एसएसडी ६च्या पोर्टला लावा. चुकून ३च्या पोर्टला लागली तरी जग बुडत नाही. मोठी फाइल कॉपी करताना वेग निम्मा होईल, पण संगणकाचा चटपटीतपणा छोट्या फायलींवर असतो, तो तसाच राहील.

एम.२ची, एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी छोटी पट्टी) घेऊ नका. या पिढीच्या साध्या बोर्डांवर तिला जागाच नसते आणि अडॅप्टर लावला तरी त्यावरून विंडोज सुरू होईल याची खात्री नाही. साधी अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा ५०० जीबी. सोबत साटाची डेटा केबल वेगळी मागून घ्या, एसएसडीच्या खोक्यात ती बहुतेकदा नसते.

खडू_फळा
सगळ्यांना हात जोडून सांगते, काहीही उघडायच्या आधी ओव्या सुरक्षित करा. आजच. बाबांना श्रीलिपीच्या फायलींचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा, आणि तोच पेनड्राइव्ह कपाटात ठेवायला. मग दुसरी प्रत तुम्ही गेलात की एक्स्टर्नल डिस्कवर. फायलींबरोबर फॉन्टही घ्या. श्रीलिपीच्या जुन्या फायली त्यांच्याच फॉन्टमध्ये वाचता येतात, फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य चिन्हं दिसतात.

आणि जमेल तेव्हा त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, करून घ्या. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार, ळ आणि ऱ्य डोळ्यांखालून घालावे लागतात. मी आमच्या शाळेच्या वार्षिकांकांचं हे काम केलं आहे, वेळ जातो, पण नंतर तो मजकूर कुठल्याही फोनवर उघडतो, शोधता येतो. ज्या सांगणाऱ्या गेल्या त्यांच्या ओव्या एका डोंगलच्या आणि एका डिस्कच्या भरवशावर राहू देऊ नका.

वाशिष्ठीकाठ
खडू_फळा, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी जेवण बाजूला ठेवून पेनड्राइव्ह शोधला.

तारा_जुळवा
हार्ड डिस्कची तब्येतही बघून घ्या. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. उघडताच निळ्यावर 'गुड', पिवळ्यावर 'कॉशन' किंवा लाल दिसेल. खालच्या यादीत ०५ (बाद करून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि सी५ (वाचताना अडणारे सेक्टर) या दोन ओळी महत्त्वाच्या. तिथे शून्य हवं.

वाशिष्ठीकाठ
पिवळं. कॉशन. सी५ समोर शून्य नाही. आता?

तारा_जुळवा
मग संथपणाचं निम्मं कारण हेच असू शकतं. वाईट सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर सगळं थांबतं.

ही डिस्क आता विश्वासाची नाही. तिच्यावर डीफ्रॅग, चेकडिस्क, 'क्लीनर' वगैरे काही चालवू नका, त्या सगळ्यात ती आणखी घासली जाते. तुम्ही जाईपर्यंत शक्यतो बंद ठेवा. गेल्यावर पहिलं काम माहिती काढणं. साध्या कॉपीत एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढच्या घ्या. फारच अडली तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून 'डीडीरेस्क्यू' चालवतात. ते आधी धडधाकट भाग वाचून घेतं आणि दुखऱ्या जागी शेवटी परत येतं. डिस्क टक टक आवाज करायला लागली तर मात्र घरी काही करू नका, माहिती परत मिळवणाऱ्यांकडेच न्या.

जुनाजाणता
या आकड्यांनंतर एक बेत बदला. मी एरवी म्हटलं असतं की 'क्लोनझिला'ने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर घ्या, म्हणजे श्रीलिपी, प्रिंटर सगळं जागच्या जागी. पण आजारी डिस्कची प्रत म्हणजे बिघडलेल्या फायलीही जशाच्या तशा. विंडोज कोरं टाका. श्रीलिपीची सीडी किंवा सेटअप आणि डोंगल हाताशी आहे का, हे जायच्या आधीच विचारून ठेवा. त्यावर सगळं अवलंबून आहे. डोंगलच्या ड्रायव्हरची फाइलही शोधा.

विंडोजच्या लायसनची काळजी नको. ते मूळ असेल तर मदरबोर्डशी जोडलेलं असतं. डिस्क बदलल्यावर तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. टाकण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड 'एएचसीआय' आहे ना ते बघा. जुन्या संगणकांत कधी कधी 'आयडीई' असतो, त्यात एसएसडीला एका वेळी अनेक मागण्या हाताळता येत नाहीत आणि तिचा पूर्ण वेग मिळत नाही. टाकताना जुनी डिस्क काढूनच ठेवा, म्हणजे बूटच्या फायली तिच्यावर जाणार नाहीत.

सह्यकडा
मला या सगळ्या खटाटोपाबद्दल शंका आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आय३-४१३० चौथ्या पिढीचा. बाबा यावर बँकेचं काम करतात. १२-१३ वर्षं जुन्या बोर्डावर पैसे घालण्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला आठव्या पिढीचा आय५ डेस्कटॉप घ्या. लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या बाजूला असे मिळतात. आय५-८५०० म्हणजे सहा कोअर, आणि विंडोज ११ला अधिकृत मान्यता.

जुनाजाणता
मुद्दा खरा आहे आणि हलका नाही. पण एसएसडीवर घातलेले पैसे वाया जात नाहीत. उद्या बोर्ड गेला तरी ती नव्या संगणकात लागते. रॅमचं तसं नाही. डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. म्हणून रॅमवर फार खर्च करू नका, जुन्या बाजारातली ४ जीबी पट्टी, तपासून, बिल घेऊन.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवले आहेत. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. ती नोंदणी करा.

अटी चुकवून ११ टाकण्याचे मार्ग नेटवर पुष्कळ आहेत आणि या प्रोसेसरवर ते चालतंही. पण पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी कंपनी देत नाही. मुलगी पुण्यात, आईबाबा चिपळुणात. अशा घरात मी ते करणार नाही.

लिनक्सवारी
लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीई आवृत्ती. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, ४ जीबीतही सुखाने चालतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे, फायरफॉक्स आहे, लिब्रेऑफिस आहे.

खडू_फळा
श्रीलिपी त्यावर चालणार आहे का? डोंगलसकट? ज्यांचा हात एका कीबोर्डवर बसलाय त्यांना सत्तरीत नवा लेआउट शिकायला लावू नका. संगणक बाबांसाठी आहे.

लिनक्सवारी
श्रीलिपी चालेल असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही ठेवता येतं. ५०० जीबीची एसएसडी घेतली तर ओव्यांसाठी विंडोज आणि बँकेसाठी मिंट. सुरू करताना यादी येते, बाण दाबून निवडायचं. वाढीव अपडेट संपले की विंडोजचं इंटरनेट बंद करून टाकायचं, श्रीलिपीला नेट लागत नाही. बँकेचा पासवर्ड अपडेट न होणाऱ्या विंडोजवर टाकू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

सह्यकडा
हे मात्र पटलं. माझी हरकत बँकेलाच होती.

पंचवटी_पान
यूट्यूबबद्दल कोणी बोललं नाही. सीपीयू ९०च्या वर जातो याचं कारण धूळ नसेल, व्हिडिओचा प्रकार असेल. यूट्यूब आता व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं. चौथ्या पिढीच्या इंटेलमधल्या ग्राफिक्सला ते स्वतःहून उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर. जुना एच.२६४ प्रकार मात्र ग्राफिक्स सहज उलगडतं. 'एच२६४इफाय' नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे. ते यूट्यूबकडे एच.२६४च मागतं. १०८०पी पर्यंत मिळतं, कीर्तनाला भरपूर. यात एक पैसा खर्च नाही.

एवढं करूनही तापमान वाढत असेल तर मग धूळ.

डोंबिवली_फास्ट
मी रॅम म्हणालो होतो, तिचंही खरं आहेच :) दुसरी पट्टी लावली की ड्युअल चॅनल होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातात, आणि यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्याने ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं. त्यालाही फायदा. पट्टी डीडीआर३ १६००, शक्यतो आहे त्याच प्रकारची.

तारा_जुळवा
कोकणातल्या संगणकासाठी थोडं वेगळं सांगते. पावसाळ्याच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. दुसरी पट्टी लावताना जुनीही काढून खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका, मग लावा. आधी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातला स्थिर विद्युतभार निघून जातो.

प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक ब्रशने साफ करा. हीटसिंक काढलात तर थर्मल पेस्ट नवी लावावीच लागते, वाटाण्याएवढी पुरे. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार पांढऱ्या खुंट्या असतात, चारही मागून आरपार आल्यात का ते बघा. एक जरी अर्धवट बसली तरी प्रोसेसर तापतो.

आणि बोर्डावरचे कपॅसिटर (उभ्या छोट्या डब्यांसारखे भाग) बघा. डोक्यावर फुगलेले, चिकट झालेले दिसले तर एसएसडी वगैरे सगळं बाजूला ठेवा. तो बोर्ड जायच्या वाटेवर आहे. चिपळुणात वीज किती जाते-येते ते तुम्हाला माहीत आहेच. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी कधी बदललीय? लिहिण्याच्या मध्येच वीज जाणं एसएसडीलाही सोसत नाही. अर्थिंगही तपासून घ्या.

नवा_गडी
मध्येच विचारतो. आमच्या जुन्या संगणकावर रोज तारीख मागे जाते आणि सगळ्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणतात. हेही स्लो झाल्यामुळेच का?

तारा_जुळवा
नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. घड्याळाच्या दुकानात मिळतो. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं. सेल बदलल्यावर बायोसमध्ये तारीख आणि साटा मोड दोन्ही नीट करा. धागाकर्त्या ताई, तुम्हीही हा सेल बरोबर घेऊन जा. २०१३चा आहे.

वाशिष्ठीकाठ
एसएसडी किती टिकते? बाबांना भीती आहे की ती अचानक जाते.

जुनाजाणता
२४० जीबीच्या साध्या, नावाजलेल्या कंपनीच्या एसएसडीवर साधारण ८० टीबी लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं, जे बाबांच्या कामात होणारच नाही, तरी वर्षाला ७.३ टीबी. म्हणजे अकरा वर्षं जवळपास. लिखाणाने ती झिजून जाणार नाही. अचानक जाण्याची भीती मात्र खरी आहे, कारण ती हार्ड डिस्कसारखी आधी आवाज करत नाही. त्याला उपाय दुसरी प्रत, खडू_फळा यांनी सांगितलेलीच.

बिननावाची, फार मोठी आणि फार स्वस्त एसएसडी घेऊ नका. आत भलतंच काही निघतं, आकडा फक्त दाखवण्यापुरता असतो.

वाशिष्ठीकाठ
घरून लिहिते आहे. काम झालं.

आधी माहिती काढली. ओव्यांचं फोल्डर पूर्ण आलं, एक फाइल अडली होती, तिची प्रत बाबांच्या जुन्या मेलमध्ये सापडली. कपॅसिटर ठीक होते. हीटसिंकवर धुळीची गादीच होती. ५०० जीबी साटा एसएसडी ६च्या पोर्टला लावली, दुसरी ४ जीबी पट्टी घातली, सेल बदलला. बायोसमध्ये खरंच आयडीई होतं, ते एएचसीआय केलं. विंडोज १० कोरं टाकल्यावर लायसन आपोआप लागलं, वाढीव अपडेटची नोंदणीही झाली. श्रीलिपीची सीडी ट्रंकेत मिळाली, डोंगलने पहिल्या खेपेला ओळख दिली नाही, ड्रायव्हर टाकल्यावर दिली. शेजारी मिंट टाकलंय, बँकेपुरतं. बाबांनी त्या यादीत बाण दाबायचा सराव केला.

आता बटण दाबल्यापासून श्रीलिपी उघडेपर्यंत मिनिटभरही लागत नाही. यूट्यूबला सीपीयू २०-३०च्या आसपास राहतो. आई म्हणाली, आता माझ्या बोलण्याआधी याचं उघडतं. युनिकोडचं काम मी आणि बाबा मिळून सुरू केलंय, पहिल्या पंधरा ओव्या झाल्या.

खडू_फळा
वाचून फार बरं वाटलं. तपासायला कोणी हवं असेल तर मला पाठवा, मनापासून करीन.

नवा_गडी
सेल बदलला, साइट उघडल्या, आभार. आता बहिणीचा जुना लॅपटॉप आहे, त्यात एसएसडी लावायची तर ५०० जीबीची हार्ड डिस्क फेकावी लागेल का? एकच जागा आहे.

तारा_जुळवा
डीव्हीडी ड्राइव्ह आहे ना? तो काढून त्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसते, तिच्यात जुनी हार्ड डिस्क जाते. एसएसडी मात्र मूळ जागी लावायची. कॅडी दोन जाडीच्या येतात, ९.५ आणि १२.७ मिमी, तेव्हा ड्राइव्ह मोजूनच मागवा. आणि त्याआधी जुन्या डिस्कचा सी५ बघून इथे लिहा.